विश्वासणाऱ्यानें कोणाची संगत धरावी?

खेड्यांतील मंडळ्यांत फिरतांना एक प्रश्न वारंवार कानीं येतो. प्रभूच्या कळपांत आलेल्या मनुष्यानें आपल्या जुन्या सोबत्यांशीं कसें वागावें? त्यांची संगत ठेवावी कीं सोडावी? प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु ज्यास तो रोज सोडवावा लागतो त्यास तो लहान वाटत नाहीं. शहरांतल्या मनुष्यास शेजार बदलतां येतो. खेड्यांतल्या मनुष्याचा बांध, विहीर, वाट आणि पार हीं ज्या लोकांत तो जन्मास आला त्यांच्याच मध्यें असतात.

एका खेड्यांतील तरुण बंधूची हकीकत सांगतों. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. बाप्तिस्मा घेण्यापूर्वीं त्याचा चारपांच जणांचा एक मेळा असे. दिवे लागल्यावर ते पारावर जमत. तेथें दारू येई, पत्ते येत, आणि घरच्या दाण्याचा पैसा जुगारांत जाई. प्रभूकडे आल्यावर त्यानें तो पार सोडिला. सोबत्यांनीं चेष्टा केली, तरी तो परत गेला नाहीं. उपदेशकानें त्यास धीर दिला, व तें योग्यच झालें. परंतु त्या मेळ्यांत एक जण असा होता कीं, दुष्काळाच्या सालीं त्यानें आपल्या कणगींतील बियाणें या बंधूस कांहीं लिहून न घेतां दिलें होतें. त्या मित्राची आई वारली. रात्रीं रडण्याचा आवाज आमच्या बंधूनें ऐकिला, आणि तो घरांतच बसून राहिला. तेथें गेल्यास कांहीं विधि करावा लागेल, आणि मंडळींतील लोक काय म्हणतील, असें भय त्यास वाटलें. सकाळीं ती तिरडी त्याच्याच दारावरून गेली. मित्रानें त्याच्या दाराकडे एकदां पाहिलें आणि मान खालीं घातली.

कांहीं दिवसांनीं तो उपदेशकाकडे येऊन म्हणाला, “मास्तर, मीं प्रभूसाठीं संगत सोडिली. मग माझें मन मला कां खातें?” उपदेशकास लागलेंच उत्तर सुचलें नाहीं. त्यानें हा प्रश्न आमच्यापुढें ठेविला. आम्हांसही विचार करावा लागला. त्या विचाराचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहों.

या बाबतींत दोन प्रकारचे उपदेश ऐकूं येतात. एक म्हणतो, “सर्वांशीं सारखें मिसळा, प्रभु जकातदारांच्या पंक्तीस बसला, मग आम्हीं कोणास दूर कां ठेवावें?” दुसरा म्हणतो, “वेगळे व्हा. पहिल्या स्तोत्राचा आरंभच दुर्जनांच्या मसलतीपासून दूर राहणाऱ्याच्या धन्यवादानें होतो.” दोघांपाशींही शास्त्राचा आधार आहे. परंतु पहिल्याचें ऐकून कांहीं दुर्बल भाऊ पुन्हां जुन्या गर्तेंत पडले, आणि दुसऱ्याचें ऐकून कांहीं मंडळ्या गांवांतील एक नवी जात होऊन बसल्या. तेव्हां शास्त्र खरोखर काय सांगतें हें नीट पाहिलें पाहिजे.

संगतीचें बळ मोठें आहे, याविषयीं तर वाद नाहीं. ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला, ही म्हण आपल्यांतील लहान मुलासही ठाऊक आहे. या म्हणींतील एका गोष्टीकडे मात्र आपलें लक्ष जात नाहीं. वाण म्हणजे रंग. तो बदलत नाहीं, म्हणूनच धनी गाफील राहतो. बैल दिसावयास कालचाच असतो, आणि एके दिवशीं तो औतावर बसकण मारितो तेव्हां धन्याचे डोळे उघडतात. विश्वासणाऱ्याचेंही असेंच होतें. ख्रिस्ती नांव राहतें, उपासनेंतील जागा तीच राहते, तोंडीं गीतेंही तींच राहतात. गुण तेवढा बदलतो. म्हणून “मी तर अजून मंडळींतच आहें” हें समाधान पुरेसें नाहीं.

आतां करिंथकरांच्या मंडळीकडे पाहूं. हें शहर दोन बंदरांच्या मध्यें वसलेलें, व्यापारानें गजबजलेलें, आणि अनीतीविषयीं प्रसिद्ध होतें. प्रेषित पौल तेथें सुमारें 50 सालीं आला, तंबू करणारीं अक्‍विला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहून हातांनीं काम करूं लागला, आणि दीड वर्ष राहून त्यानें मंडळी स्थापिली. तेथील विश्वासणारे आमच्यासारखेच होते. बहुतेक साधे, थोडे शिकलेले, आणि चहूंकडून मूर्तिपूजक शेजाऱ्यांनीं वेढलेले. आमचा प्रश्न तोच त्यांचाही होता, आणि सुमारें 55 सालीं लिहिलेल्या पहिल्या पत्रांत पौलानें त्याचें उत्तर दिलें आहे.

पांचव्या अध्यायांत तो एक गैरसमज दूर करितो. अनीतिमान लोकांशीं मिसळूं नका, असें त्यानें पूर्वीं लिहिलें होतें. त्याचा अर्थ लोकांनीं असा घेतला कीं, बाहेरच्या पापी लोकांशीं संबंधच ठेवूं नये. पौल म्हणतो कीं, माझा भाव तो नव्हे. तसें करावयाचें तर तुम्हांस जगांतूनच निघून जावें लागेल. मग तो कोणाविषयीं बोलत होता? जो स्वतःस बंधु म्हणवितो आणि जारकर्मी, लोभी, शिवीगाळ करणारा, दारूबाज किंवा लोकांस लुबाडणारा आहे, त्याच्याविषयीं. अशाच्या पंक्तीस बसूं नये. बंधुजनहो, आपण बहुधा याच्या उलट करितों. बाहेरच्या शेजाऱ्याच्या दुःखांत जात नाहीं, आणि मंडळींतील लबाडाच्या ओटीवर मात्र निर्धास्त बसतों, कां तर तो आपला आहे!

दहाव्या अध्यायांत जेवणाची गोष्ट आहे. विश्वास न ठेवणाऱ्यानें आमंत्रण दिलें आणि तुमच्या मनांत जावेंसें आलें, तर जा, वाढिलेलें खा, आणि खोदून विचारीत बसूं नका, असें तो सांगतो. परंतु हें मूर्तीस वाहिलेलें आहे असें कोणी स्पष्ट सांगितलें, तर खाऊं नका. पौलानें घराचें दार बंद केलें नाहीं. त्या घरांत आपली साक्ष कोठें उभी करावी तें दाखविलें. जेथें गेल्यानें प्रेम प्रकट होतें तेथें जावें. जेथें हात जोडल्यानें प्रभु नाकारिला जातो तेथें हात जोडूं नयेत.

सातव्या अध्यायांत तो त्याहून जवळच्या नात्याविषयीं बोलतो. पति किंवा पत्नी विश्वासांत आली आणि दुसरें माणूस आलें नाहीं, पण एकत्र राहण्यास राजी आहे, तर त्यास सोडूं नये. याचें उदाहरण आमच्याच महाराष्ट्रांत आहे. नारायण वामन टिळक यांनीं 1895 सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर झाल्या. पुढें त्या पुन्हां पतीजवळ राहूं लागल्या, तरी आरंभीं त्यांनीं आपलें सोंवळें सोडिलें नव्हतें. एकाच संसारांत एक ख्रिस्ती आणि एक कर्मठ ब्राह्मण स्त्री! धीर नसता तर तें घर दोन दिवसांत मोडलें असतें. लक्ष्मीबाईंनीं 1900 सालीं बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या खात्रीनें. हें सर्व पुढें त्यांनीं “स्मृतिचित्रें” या ग्रंथांत लिहिलें, व तो ग्रंथ ख्रिस्ती नसलेले लोकही आवडीनें वाचतात. स्वतः टिळकांस नवा करार प्रथम दिला तो आगगाडींतील एका युरोपियन सहप्रवाशानें. अनोळखी हिंदूशीं काय बोलावें, असें म्हणून तो प्रवासी तोंड फिरवून बसता, तर तें पुस्तक त्यांच्या हातीं त्या वेळीं तरी पडलें नसतें.

आणि पंधराव्या अध्यायांत कुसंगतीनें चांगली नीति बिघडते हें प्रसिद्ध वचन येतें. तें मिनांदर नांवाच्या ग्रीक नाटककाराचें असें बहुधा मानितात. आपण तें तमासगीर व दारूबाज यांच्याविषयीं योजितों. परंतु मागचीं वचनें वाचा. त्या अध्यायांत पौल मंडळींतल्याच कित्येकांविषयीं बोलत आहे, जे मेलेल्यांचें पुनरुत्थान नाहीं असें म्हणत होते. म्हणजे ही कुसंगत पारावरची नव्हती, तर मंडळीच्या पंक्तींतील होती. आशा मारून टाकणारी जीभ ही दारूच्या भांड्यापेक्षां कमी घातक नाहीं.

येवढें पाहिल्यावर वाटेल कीं, मग सर्वांशीं सारखें वागलें म्हणजे झालें. नाहीं. त्याच मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत पौल जुवाचा दृष्टांत देतो. विश्वास न ठेवणाऱ्याबरोबर विजोड जुवाखालीं जाऊं नका, असें बजावितो. हा दृष्टांत शेतकऱ्यास फोडून सांगावा लागत नाहीं. बैल आणि गाढव एका औतास जुंपूं नये, असें मोशेच्या नियमशास्त्रांतही आहे. गाढव वाईट प्राणी म्हणून नव्हे. त्याचा खांदा खालीं, बैलाचा वर. त्याचें पाऊल निराळें, बैलाचें निराळें. जूं तिरपें होतें, दोघांचेही खांदे सोलून निघतात, आणि तास वांकडें जातें. तीं दोन्हीं जनावरें एकाच ओढ्यावर पाणी पितात, एकाच गोठ्यांत पावसापासून आसरा घेतात, त्यांत दोष नाहीं. दोष जुंपण्यांत आहे.

आम्हांस सांगावयाची मुख्य गोष्ट हीच. दार निराळें आणि जूं निराळें. दार सर्वांस उघडें असावें. जूं मात्र पारखून घ्यावें. रामराम, विचारपूस, आजाऱ्याची सेवा, मयतास खांदा, अडल्यास दाणा, सावडीनें पेरणी, हें सर्व दाराचें आहे. यांत धर्म विचारूं नये. परंतु ज्याच्या मसलतीनें आपण मोठे निर्णय करितों, ज्याच्यापुढें मन मोकळें करितों, ज्याच्या हंसण्याचें भय आणि ज्याच्या शाबासकीची भूक आपणांस असते, तो आपल्या जुवाचा सोबती होय. लग्न हें जूं आहे. ज्या धंद्यांत खोटें माप किंवा लांच यांवांचून चालत नाहीं त्यांतील भागी हें जूं आहे. जिवलग मैत्री हेंही जूं आहे, जरी तें डोळ्यांस दिसत नाहीं.

प्रभूचें उदाहरण पाहा. तो परूश्याच्या घरीं जेवला, जकातदाराच्या घरीं जेवला, शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितलें. त्याचें दार कोणास बंद नव्हतें. परंतु बारा जण निवडावयाचे होते तेव्हां तो डोंगरावर गेला आणि त्यानें सारी रात्र प्रार्थनेंत घालविली, असें लूक सांगतो. जेवणाच्या आमंत्रणासाठीं त्यानें रात्र जागविल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं. सोबती निवडण्यासाठीं जागविली. आपण बैल घेतांना त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चालवून पाहतों. आणि ज्याच्या हातीं आपला आत्मा द्यावयाचा तो मित्र मात्र बाजारांत भेटला म्हणून धरितों!

आणखी एक प्रकारची संगत आहे, व ती ओळखण्यास फार कठीण आहे. ती आपणांस पापाकडे ओढीत नाहीं. केवळ पुढें जाऊं देत नाहीं. मुंबईंत 1849 च्या सुमारास परमहंस मंडळी नांवाची एक गुप्त सभा निघाली. तिच्यांत दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान व सदाचारी लोक होते. जातिभेद खोटा, एकच देव खरा, हें ते मानीत, आणि बंद दाराआड पाव खाऊन जात मोडीत. परंतु बाहेर आल्यावर पूर्वीप्रमाणेंच वागत. 1860 च्या सुमारास सभासदांचीं नांवें उघड होण्याचा प्रसंग आला, आणि सभा मोडली. बाबा पदमनजी हे या सभेचे एक सभासद होते. त्यांनीं 1854 सालीं बेळगांव येथें उघडपणें बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें “अरुणोदय” या आत्मचरित्रांत आपली हकीकत लिहिली. त्या सभेंतील लोकांस आम्ही वाईट म्हणत नाहीं. ते पुष्कळांपेक्षां धीट होते. परंतु अंधारांत खरें आणि उजेडांत निराळें, अशी जेथें सर्वांची संमति असते, तेथें मनुष्यास आपण उभे आहों हेंही कळत नाहीं. सर्वच उभे असतात ना! आपल्या गांवींही “एवढें पुरे, फार पुढें जाऊं नको” असें गोड बोलणारे मित्र आहेत. त्यांचा शब्द सावध राहून ऐकावा.

तर मग सोबत्याची पारख कशी करावी? तीन प्रश्न स्वतःस विचारावे. पहिला: त्याच्याजवळून उठून आल्यावर प्रार्थना करावीशी वाटते कीं टाळावीशी वाटते? दुसरा: माझी चूक तो मला तोंडावर सांगतो काय? रहबाम राजानें वडील माणसांची मसलत टाकिली आणि आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांचें ऐकिलें, कारण ते त्याच्या मनासारखें बोलत होते. दहा वंश त्याच्या हातचे गेले. उलट योनाथानानें दावीदासाठीं बापाचा राग आणि हातचें राज्य दोन्हीं पणास लाविलीं. तिसरा: या जोडींत ओढ कोणाची जास्त आहे? मी त्यास प्रभूकडे आणीत आहें, असें आपण म्हणतों खरें. पण वर्षाअखेर पाहावें कीं तो दोन पावलें इकडे आला, कीं मी चार पावलें तिकडे गेलों. आपण इकडे आणीत आहों या समजुतीवरच कित्येक जण तिकडे वाहून गेले आहेत.

येथें बाहेरच्या लोकांपेक्षां आपल्याच लोकांविषयीं आम्हांस अधिक चिंता वाटते. करिंथांत मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, असे तट पडले होते. आमच्या मंडळ्यांत तसे तट नाहींत काय? उपासना संपल्यावर विहिरीवर जी निंदा चालते, पंच निवडण्याच्या वेळीं जी कुजबूज चालते, आणि वाड्यावाड्यांतील जो जुना उच्चनीच भाव प्रभूच्या मेजापर्यंत येऊं पाहतो, ती सर्व कुसंगत आहे. असंगाशीं संग आणि प्राणाशीं गांठ, असें म्हणतात. असंग नेहमीं परधर्माचाच असतो असें नाहीं. शब्दास जागणारा हिंदु किंवा मुसलमान शेजारी हा भांडणें लावणाऱ्या ख्रिस्ती बंधूपेक्षां बरा शेजारी आहे, हें कबूल करण्यांत आपल्या धर्माचा कांहीं कमीपणा होत नाहीं.

उपदेशक बंधूंस दोन शब्द सांगावेसे वाटतात. तुम्ही नव्या विश्वासणाऱ्यास पार सोडावयास सांगतां. मग दिवे लागल्यावर त्यानें जावें कोठें, हेंही तुम्हींच सांगितलें पाहिजे. मनुष्य एकटा राहण्यासाठीं निर्माण केलेला नाहीं. रिकामी संध्याकाळ जुन्या वाटेनें परत नेते. त्याच्यासाठीं भजन असो, वाचन असो, अक्षरओळख असो, निदान तुमच्या ओटीवर बसावयास जागा असो. शेतकरी गोऱ्हा शिकवितो तेव्हां त्यास दुसऱ्या गोऱ्ह्याबरोबर जुंपीत नाहीं, आणि एकटाही सोडीत नाहीं. जुन्या, शांत, तासांत चालणाऱ्या बैलाशेजारीं जुंपितो. चार दिवस तो हिसके देतो, मग त्याचें पाऊल जुळतें. प्रत्येक नव्या भावाशेजारीं असा एक जुना भाऊ द्या. आणि तुम्हीं स्वतःही असा एक मित्र धरा कीं जो तुमच्या उपदेशाची स्तुति करीत नाहीं, तर तुमच्या घरांतील रागावणें पाहून तुम्हांस टोंकतो. उपदेशकाभोंवतीं स्तुति करणारे फार असतात. त्यांची संगत त्यास लौकर बिघडविते.

आतां त्या तरुण बंधूकडे वळूं. आम्हीं उपदेशकास कळविलें कीं, त्यानें पार सोडिला तें बरें केलें, आणि मित्राचें दार सोडिलें तें चुकलें. त्याचें मन त्यास खात होतें, कारण जूं टाकून देतांना त्यानें दारही लावून घेतलें होतें. हें त्यास समजलें. महिना लोटला होता, तरी तो मित्राच्या घरीं गेला. तो म्हणाला, “मी त्या दिवशीं आलों नाहीं, ही माझी चूक झाली. मला क्षमा कर.” मित्र कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “मला वाटलें, तूं आमचा राहिला नाहींस.” आमचा बंधु म्हणाला, “पारावर मी येणार नाहीं. पण तुझ्या दारीं येत जाईन.” त्या साली दोघांनीं सावडीनें काढणी केली. मित्र विश्वासणारा झाला असें सांगतां आलें असतें तर आम्हांस आनंद झाला असता. परंतु तसें झालेलें नाहीं, आणि जें झालें नाहीं तें आम्ही लिहीत नाहीं. उपदेशक इतकेंच कळवितो कीं, त्या मनुष्याच्या मनांत ख्रिस्ती म्हणजे दुःखाच्या वेळीं दार लावणारा, अशी जी समजूत झाली होती, ती आतां राहिली नाहीं.

बंधुभगिनींनो, आपल्या खांद्यावर कोणाचें ना कोणाचें जूं असणारच. प्रभु आपलें जूं आपणांस देतो, आणि तें सोयीचें आहे असें सांगतो. कारण तो स्वतः आपल्या शेजारीं चालतो. त्याच्याशीं पाऊल जुळलें म्हणजे दुसऱ्या कोणाशीं जुळवावें आणि कोणाशीं जुळवूं नये हें हळूहळू कळूं लागतें. तो आपलीं दारें उघडीं ठेवो आणि आपले खांदे राखो. आमेन.